कोऱ्या भिंतींची खोली

कोरी भिंत लोकांना बघवतच नाही. आमच्या इंदुरात तर नाहीच. पुलाच्या खांबांपासून शौचालयापर्यंत, जागा दिसली की चित्र आणि घोषणा. रस्त्यावर खुशाल रंगवा. पण माझी खोली?

लक्ष टिकवायला जड जाणाऱ्या मुलांना मी शाळेत शिकवते. त्यांच्यासाठी खेळाच्या सामानाची जुनी खोली मी भांडून मिळवली. भिंतींना फिका रंग दिला, राजवाड्याच्या बाजारातून जाड पडद्याचं कापड आणलं, खुर्च्यांच्या पायांना रबर लावलं, कुरकुरणारा पंखा बदलून घेतला. वर्गात पाखरू उडालं तरी पेन खाली ठेवणारी सातवीतली एक मुलगी इथं अख्खा धडा लिहून मोकळी झाली. सहामाहीचे पेपर तिनं इथंच द्यायचे ठरले. नापास झाली तर शाळेतून नाव काढा, असं शाळेनं तिच्या आईला आधीच बजावलं होतं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी शाळा समितीचे अध्यक्ष खोली बघून गेले आणि लगेच त्यांनी पेंटर पाठवला. सोमवारी मी दार उघडलं तर चारी भिंतींवर माकडं, जिराफ, ग्रहमाला! आणि टेबलासमोर भल्यामोठ्या लाल अक्षरांत 'एकाग्रता ही सफलता है'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडमजी, कमरा एकदम सूना लग रहा था," अध्यक्ष म्हणाले. "बच्चों का है, रौनक तो चाहिए ना!"

मुख्याध्यापिका मराठीच. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जाऊ द्या ना मॅडम, त्यांनी इतक्या प्यारनं करवलंय. आता काय बोलणार?"

दुसरी खोली मागितली, तर सगळ्या परीक्षेला लागलेल्या. मुलगी पेपरला बसली ती माकडांकडे बघत. मी तिचं टेबल फिरवलं, तर समोर जिराफ आला. रोज तेच. गणिताचा पेपर तर जवळजवळ कोराच राहिला.

निकालानंतर समितीनं तिला आईसकट बोलावलं. "इतना सुंदर कमरा बनवाया आपकी बच्ची के लिए," अध्यक्ष म्हणाले, "फिर भी?"

"खोली तुम्ही बिघडवलीत! पोरीचा काय दोष?" मी ओरडलेच. सगळे उंटावरचे शहाणे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मलाच उपचारांची गरज आहे.

आईनं हात जोडून अध्यक्षांची माफी मागितली. तिचं बघून मुलीनंही हात जोडले.