रंगाचा तिसरा हात

रॉकेटच्या कारखान्यात त्याच्या तोडीचा रंगारी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. नियम रंगाच्या दोन हातांचा. पण या वेळी उड्डाण टीव्हीवर दिसणार, सासरची मंडळी बघणार, म्हणून पठ्ठ्याने कोणालाही न विचारता वरच्या टप्प्यावर तिसरा हात मारला. काय तो तोरा!

त्या टप्प्याचं वजन भरलं चौदा किलो जास्त. वजनकाट्यावर कामाला त्याची धाकटी बहीण होती. बारा वर्षांत तिच्या आकड्यात कधी खोट निघाली नव्हती, तरी साहेबांनी तिलाच धारेवर धरलं.

"सुट्या भागांची वजनं तुम्हीच चुकवलीत. पृथ्वीची ओढ तोडून सुटायचं तर सेकंदाला अकरा किलोमीटर वेग लागतो, बाई. वजन वाढलं की इंधन वाढवा, मग त्या इंधनाचंच ओझं उचलायला आणखी इंधन. कुठवर वाढवणार?"

ती खाली मान घालून ऐकत राहिली. चार पावलांवर हा उभा होता. 'साहेब, ते माझ्या रंगाचं वजन' एवढंच म्हणायचं होतं, पण गड्याची दातखीळ बसली. बहिणीला काट्यावरून काढून गोदामात हातमोजे निवडायला बसवलं.

घरी तिने आईला सांगितलं, "बदली झाली." हा ताटात बघत जेवत राहिला. लाज वाटत होती हो. पण लाज वाटून तोंड थोडंच उघडतं! असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी कळलं, वजन उतरवायला रॉकेटमधलं एक मोजयंत्र काढून टाकणार. चार जणांची सहा वर्षांची मेहनत. रंगाचा तिसरा थर खरवडला तर ते वाचणार होतं.

त्या संध्याकाळी तो बहिणीपुढे जाऊन बसला. "अगं, तो रंग मी..."

"माहीत आहे. रंगाचे जास्तीचे रिकामे डबे माझ्याच काट्यावर आले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं, दादा. पहिले तीन दिवस वाटलं. मग वाटायचं बंद झालं."

ती आईची औषधं काढायला उठली. सकाळी साहेबांच्या दारात सगळ्यांच्या आधी तो उभा होता. त्याने सगळं कबूल केलं. साहेबांनी यंत्र काढायचं काम थांबवलं, रंग खरवडायला माणसं लावली, बहिणीला काट्यावर परत बोलावलं. तिने त्या दिवशी खरवडलेला रंग मोजला, आकडा लिहिला, आणि घरी जाताना त्याच्यासाठी थांबली नाही.