बाईनं भरलेली मोटर

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत मुंजाबाचं मोटर भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटरमधली तार उपसायची, नवी वेटोळी खाचांत बसवायची, दोऱ्यानं बांधून व्हार्निश पाजायचं, याला इथं मोटर भरणं म्हणतात. मुंजाबा दारातल्या खुर्चीवर असतो. आत, ट्यूबलाइटखाली, त्याची बायको बानाबाई पायांत मोटर धरून बसलेली असते. साखरेच्या आजारानं मुंजाबाची नजर कधीच गेली. माणूस तो आवाजावरून ओळखतो, तारेची जाडी बोटांवरून सांगतो. पण नुसत्या बोटांनी मोटर भरता येत नाही. कित्येक वर्षं ती बानाबाईच भरते.

हे गल्लीला ठाऊक आहे, आणि गिऱ्हाइकांनी जरा आत डोकावलं तर त्यांनाही दिसेल. पण मोटर चालली तर मुंजाबाचा हात, आणि जळाली तर बाईनं भरली असेल, अशी वाटणी सगळ्यांनी मिळून करून टाकली आहे.

काकासाहेब मूळचे सोयगावकडचे. तिकडं शेती, इकडं चिकलठाण्याला लाकडी फर्निचरचा कारखाना. कारखान्यात लाकूड घासताना उडणारा भुसा पाइपातून ओढून पिशवीत नेणारं एक मशीन आहे. त्याची मोटर जळाली. बानाबाईनं भरून दिली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा जळाली. तेव्हा काकासाहेब स्वतः दुकानात आले. त्यांचा कामगार रामकिसन मोटर खांद्यावर घेऊन मागं उभा.

"मुंजाबाभाऊ, आधीचं भरणं लई वर्षं चाललं. आता कारखान्यातली सगळी शेड म्हणतीय, बाईनं भरलेली मोटर किती टिकायची?"

बानाबाईनं मोटर उघडली आणि उजेडात धरली.

"मालक, हिकडं बघा. दोन फेजची वेटोळी काळी ठिक्कर, तिसऱ्याची जशीच्या तशी. माझं भरणं कच्चं असतं तर एकाच जागी जळालं असतं. तुमच्या तिथं तीनातला एक फेज, एका तारेतली वीज, मोटरीपर्यंत येत नाय. बाकीच्या दोनवर ती वढत ऱ्हाती अन् जळती."

काकासाहेबांनी मोटरीकडं पाहिलंसुद्धा नाही.

"भाकरीबी अशीच एका अंगानं करपती का गं तुझी?"

रामकिसन हसला. काकासाहेब मुंजाबाकडं वळले. "या टायमाला तुम्ही तुमच्या हातानं भरा. बसवायलाबी तुम्हीच या."

"व्हय," मुंजाबा म्हणाला.

त्या एका शब्दानं बानाबाईचं जे झालं, ते भाकरीच्या टोमण्यानं झालं नव्हतं. ते दोघं गेल्यावर तिनं विचारलं, "व्हय म्हनलात?"

"गिऱ्हाईक तुटलं असतं."

"अन् मी तुटले तर?"

मुंजाबा खुर्चीचा हात चाचपत राहिला. मोटर तिनंच भरली. प्रत्येक गाठ अशी आवळली की दोरा बोटांत रुतला. पण मोटर पोचवायला रिक्षात मुंजाबाच्या शेजारी ती स्वतः बसली, आणि टेस्टिंगचा बल्ब पिशवीत घेतला.

शेडमध्ये भुसा हवेतच तरंगत होता. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यात दांडीसारखं उभं होतं. घासकाम करणारी सरूबाई तोंडाला पदर बांधून बसली होती. तिच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"खोकला थांबंना माय," ती बानाबाईला म्हणाली. "मालक म्हणतेत, बाईच्या मोटरीपायी मशीन बंद हाय."

म्हणजे सरूबाईचा खोकलाही बानाबाईच्याच नावावर टाकून झाला होता.

तिनं मोटर जोडलीच नाही. आधी बल्ब लावून पाहिला. मेन स्विचपाशी, मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरकडं जाणाऱ्या तिन्ही फेजवर तो पेटला. स्टार्टरमधून मोटरीकडं आलेल्या दोन तारांवर पेटला, तिसरीवर नाही. म्हणजे फेज वाटेतच, स्टार्टरच्या पोटात अडत होता. मेन स्विच पाडून ती प्लायच्या थप्पीमागल्या स्टार्टरवर वाकली. त्याला झाकणच नव्हतं. आत गिरणीतल्या पिठासारखा भुसा साचलेला, आणि मध्ये एक बाभळीची काडी ठोकून बसवलेली.

शेतावर अशी काडी लावतात. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून स्टार्टर दाबून धरायचा. इथं मोटर तापली की स्टार्टर आपणहून बंद होत होता. काडीनं त्याला बंद होऊ दिलं नाही. काडीसाठी झाकण काढलं, उघड्या पेटीत भुसा शिरला, आणि एका फेजच्या पट्टीवर थर बसून तिथली वीज पुढं जाईना. जो भुसा मशीननं ओढून न्यायचा, त्यानंच मशीनचा गळा धरला होता.

"ही काडी कुणाची?"

रामकिसननं मालकाकडं पाहिलं. "मालक म्हनले, सोयगावच्या पंपाला लावतो तशी लाव."

"अगं, घडीघडी बंद पडायचं," काकासाहेब म्हणाले. "माणसं बसून ऱ्हायची."

"मोटर वाचावी म्हणून बंद पडत व्हतं ते, मालक."

तिनं काडी उपसली, पट्ट्या घासून साफ केल्या. मेन चढवून बटण दाबलं, तर बल्ब तिन्हीवर पेटला. मग मेन पाडून मोटर जोडली, पुन्हा मेन चढवला, बटण दाबलं. पाइपाच्या तोंडाशी हवा वळली, आणि उन्हातला भुसा ओळीनं आत जाऊ लागला. सरूबाईनं तोंडावरचा पदर सोडला.

काकासाहेबांनी मुंजाबाच्या पाठीवर थाप मारली. "बघा, शेवटी मुंजाबाचा हात तो मुंजाबाचा हात."

काडी अजून बानाबाईच्या मुठीत होती. सगळ्या शेडनं ती निघताना पाहिली होती. तरीही.

बानाबाईनं मशीन बंद केलं. मुंजाबासमोर जाऊन काडी त्याच्या डोळ्यांपुढं धरली.

"काय हाय हे, सांगा यांना."

मुंजाबानं मान जराशी आवाजाकडं वळवली.

"काकासाहेब," तो म्हणाला, "ही माझ्यापुढं काय धरतीय, मला दिसत नाय. मग तार कशी दिसंल? मोटर हिनं भरली. आधीची बी हिनंच. त्याच्याआधी लई वर्षं चालली म्हणता ना, ती बी."

काकासाहेबांनी तोंड पाइपाकडं वळवलं. "मग आधीच सांगायचं की राव."

"म्या सांगितलं व्हतं," बानाबाई म्हणाली. "तुमच्या नाकापुढं मोटर धरून सांगितलं. तुमी ऐकायला बाप्या माणूस हुडकत व्हता."

स्टार्टरचं झाकण कोपऱ्यात, रंगाच्या डब्याखाली सापडलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि स्क्रू घट्ट आवळून बसवलं. काडी काकासाहेबांच्या टेबलावर ठेवली.

बाईनं भरलेली मोटर, असं ती शेड इतके दिवस म्हणत होती. बाप्यानं ठोकलेली काडी, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.