आत्या, वजन पाचशे वीस

माझ्या कौसाआत्याचं वजन पाचशे वीस किलो आहे, हे मी सकाळी साडेनऊला, तिच्या देखत, स्पीकरवर जाहीर केलं. हेतू चांगला होता.

मी घाटनांदूरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी गेम बनवतो. नवा गेम खेड्यातला होता. त्यात तळं, चिखल, कोंबडा, म्हैस असं सगळं. गेम ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनतो, त्यात चालू गेममधलं कुठलंही जनावर तपासता येतं: वजन किती, वेग किती, उभं कुठं आहे. पूर्वी हे आकडे डोळे फोडून शोधावे लागायचे. आता जोडीला एआय आहे. आपण तोंडी विचारायचं, ते तोंडी सांगतं. फक्त प्रत्येक जनावराला नाव द्यावं लागतं. मला नावं सुचत नाहीत, म्हणून मी घरातलीच देऊन टाकली. कोंबडा म्हणजे अण्णा, माझे वडील. म्हैस म्हणजे आत्या, त्यांची थोरली बहीण. (यात टीका नव्हती. पाली गावी आत्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, म्हणून म्हैस म्हटली की मला तीच आठवते. हे वाक्य मी त्या दिवशी घरात म्हणून पाहिलं. तुम्ही म्हणू नका.)

अकरा वाजता कंपनीच्या साहेबांना व्हिडिओ कॉलवर गेम दाखवायचा होता, आणि म्हैस तळ्याकाठी गेली की हळूहळू जमिनीत गडप व्हायची. आठवडाभर मला कारण सापडत नव्हतं. जमत नसेल तर हे काम दुसऱ्याला देऊ, असं साहेब आधीच म्हणाले होते. शेवटी मी एआयला विचारलं, आत्याला काय झालंय?

शुद्ध मराठीत, खणखणीत उत्तर आलं. "आत्या पोटापर्यंत चिखलात आहे. वजन पाचशे वीस किलो, वाढत आहे. तिला काढून नवीन आत्या आणू का?"

"आण," मी म्हणालो. "ही काही कामाची नाही."

मागं कपबशी वाजली. दारात आत्या चहा घेऊन उभी होती. आदल्या दिवशीच ती पालीहून आलती, आठ दिवस राहायला. तिनं चहा टेबलावर ठेवला (साखर अगदी माझ्या मापाची होती, तेच जास्त लागलं) आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

अण्णा तरातरा आले. मी त्यांना समजावलं की ही आत्या म्हणजे आपली आत्या नव्हे, म्हैस. ते आणखीच तापले. पुरावा म्हणून मी दोघांनाही पडद्यासमोर आणलं, तर म्हशीच्या डोक्यावर ठळक अक्षरात 'आत्या' लिहिलेलं. तेवढ्यात गेममधला कोंबडा आरवायला लागला. मी घाईनं म्हणालो, याला गप्प कर. एआयनं खात्री करून घेतली, "अण्णांचा आवाज बंद करू?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

मी माफी मागितली, अगदी मनापासून. माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या आत्याच्या गोठ्यात गेलेल्या. ती रुसून साडेदहाची एसटी धरणार, या विचारानं मला साहेबांचाही विसर पडला. आत्या मात्र पिशवी काखेत धरून पडद्याकडं बघत होती.

"कावून रुतती ती?" तिनं विचारलं.

तेच तर कळत नाही, मी म्हणालो. जड जनावर चिखलात रुतावं असं मीच लिहिलेलं, पण म्हैस मुळात एवढी जड नव्हती. आत्यानं पिशवी खाली ठेवली. नवी म्हैस सोडायला लावली आणि दर घासाला तिचं वजन विचारायला लावलं. म्हशीनं वैरण खाल्ली, चारशे ऐंशी. पाणी प्याली, पाचशे. परत वैरण, पाचशे वीस. पाय रुतायला लागले.

"लई खाती, लई पिती," आत्या म्हणाली. "शेण कवा टाकती?"

मी लिहिलेलं उघडून पाहिलं. खाल्ल्यावर वजन वाढवायचं मी लिहिलं होतं. ते कमी कधी व्हायचं, हे लिहायचंच राहिलं होतं.

"अशा म्हशीला आमी डॉक्टर बोलावतो," ती अण्णांना म्हणाली. "ह्यांच्यात इंजिनेर ठेवत्यात."

मी शेण टाकायचं लिहिलं, आणि अकराला म्हैस तळ्याकाठी ऐटीत उभी होती. साहेब खूश झाले. दोष कसा सापडला, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, आणि त्यांनी आत्यालाच कॅमेऱ्यासमोर बोलावलं. ती पदर सावरून बसली आणि तिनं त्यांना सुनावलं, की म्हैस शेण टाकणार तर ते उचलणारा बी पायजे, न्हाईतर गोठ्यात पाय ठेवायला जागा राहायची न्हाई. साहेबांना हे इतकं पटलं की शेणाचा सगळा विभागच त्यांनी माझ्याकडं सोपवला. आत्या आठाचे पंधरा दिवस राहिली.

तेव्हापासून मी रोज एआयला शेणाचं वजन, ओलावा आणि पाटीत किती मावलं ते विचारत असतो. परवा आत्याचा फोन आला, तो अण्णांनी घेतला. पोरगं काय करतंय, असं तिनं विचारलं असावं.

"लहानपणी मी म्हणायचो, शिकला न्हाईस तर शेण काढशील," अण्णा तिला सांगत होते. "लई शिकला, तवा कुठं मिळालं काढायला."