मारोतरावांचा दुसरा अर्ज

आमच्या मानेवाड्याच्या लेआउटमध्ये नाव मारोती असून मारोतीच्या देवळात पाय न ठेवणारा माणूस एकच, आमचे शेजारी मारोतराव. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेले. भेटले की दंडवत म्हणणार, गणपतीचा मोदक दिला की हात जोडून परत करणार, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर एक पाय वर धरून उभे राहणार. मी गेटातून ओरडायचो, "काहून गा मारोतराव, सिग्नल सुटायची वाट पाहून राहिले का?" ते हसायचे.

नोकरी मात्र सरकारी कोंबड्यांची. शहराबाहेरच्या कुक्कुटपालन केंद्रात अकरा वर्षं दाणापाणी. अंडं न खाणारा माणूस दिवसभर अंडी गोळा करतो, या एका विनोदावर मी किती संध्याकाळी काढल्या ते मलाच माहीत. दाणे टाकायच्या आधी ते पत्र्याचा डबा वाजवायचे. तीन ठोके, जरा थांबून एक. पाखरं धावत यायची. त्यांच्या मिसेस जिजाबाई सांगायच्या, कुकरची वाट पाहतानाही यांची बोटं ओट्यावर तेच वाजवत असतात.

मार्चमध्ये केंद्रात बर्ड फ्लू निघाला. सगळी पाखरं मारून पुरायचा हुकूम आला. ड्युटीच्या यादीत मारोतरावांचं नाव तिसरं. लेआउटमधले अर्ज मीच लिहितो, नळाचे, नालीचे, म्हणून ते माझ्याकडे आले.

"जीव घेणार नाही म्हणून उपदेश घेताना बाबांसमोर शब्द दिला आहे," म्हणाले. "नोकरी गेली तर जाऊ द्या."

मी झकास अर्ज लिहिला: धार्मिक कारणास्तव पक्षी मारण्याच्या कामातून वगळावे. केंद्राच्या प्रमुख डॉक्टर हर्षा मॅडम. त्यांनी उभ्याउभ्या सही केली. धर्माचा प्रश्न आहे, तुम्ही बाहेर बसा, म्हणाल्या.

ते बाहेर बसले. आत पांढऱ्या किटातली माणसं शिरली तशी पाखरं बिथरली. कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरायला लागली. मॅडम बाहेर आल्या.

"मारोतराव, मारू नका. फक्त डबा वाजवा. हाल होऊन मरून राहिली ती."

मारोतरावांना किट चढवलं. तोंड दिसत नव्हतं, पण ठोके तेच. पाखरं त्यांच्या पायाशी येऊन उभी राहिली. पुढचं काम दुसऱ्यांनी केलं. चार शेड होते. त्यांनी चार वेळा वाजवला.

येताना बस कोणती मिळाली, हे सांगावं त्या आवाजात त्यांनी मला हे सांगितलं. मी सवयीनं म्हणालो, तुमचे हात तर कोरडे राहिले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चहावर साय धरली होती, ती सायीसकट पिऊन गेले.

नंतर तीन महिने केंद्र रिकामं. ते रोज जायचे, हजेरी लावायचे, मोकळे शेड झाडायचे. एकदा आमच्या गेटासमोर मुंग्यांची रांग होती. मी सिग्नलचा विनोद तोंडात तयार ठेवला. ते सरळ रांगेवरून चालत गेले. विनोद तोंडातच राहिला.

परवा ते परत माझ्याकडे आले. सोमवारी नवी पिल्लं येणार आहेत.

"अजून एक अर्ज लिहून द्या. मले दाणापाणी नको. गेटवर बसवा, झाडू द्या, काहीही."

मी पेन उघडलं. "कारण काय लिहू? धर्मात डब्याबद्दल काही आहे का?"

या वेळी मी चिडवत नव्हतो.

"नाही," म्हणाले. "डब्याबद्दल काही नाही."

"मग मॅडम सही कशावर करतील?"

"ते तुम्ही पाहा गा. पहिला तुम्हीच लिहिला होता."

अर्ज माझ्या टेबलावर पडला आहे. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, विषय लिहिला. कारणापुढची ओळ कोरी आहे. आज शनिवार. सकाळी जिजाबाई विचारून गेल्या, झाला का म्हणून. मी म्हणालो, लिहून राहिलो.