कशापेक्षा कमी?

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होतो. आदल्या संध्याकाळी त्यानं आणखी एक शोधनिबंध माझ्या गळ्यात मारला होता. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणे... महिना झाला, भांडण अजून मिटलेलं नाही.

तो माझा मित्र, वाशीमचा दातांचा डॉक्टर, मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. भानगड सुरू झाली मेडशीला शेती करणाऱ्या त्याच्या थोरल्या भावामुळे. दादांना खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेल्या पुडीची जन्माची सवय. गावी गेला की सुधाकर चहाआधी ओसरीवर मोबाइलचा उजेड पाडून म्हणायचा, "दादा, तोंड उघड." गालात पांढरा चट्टा दिसल्यापासून त्याला कॅन्सरच्या भीतीनं चैन नव्हतं, आणि दादा दवाखान्यातली तपासणी टाळत होते. तेवढ्यात कुणीतरी पुण्याहून त्यांना डबी आणून दिली. ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पिशव्या, तंबाखूपेक्षा धोका कमी म्हणे.

"घेऊ का रे, सुधा?"

दुसरा कुणी हो किंवा नाही म्हणून मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या निबंध गोळा करत बसला. प्रत्येकाला त्याचा एकच प्रश्न, कशापेक्षा कमी? तुलना बहुधा सिगारेटशी, आणि दादांनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. कुठे अभ्यासाचा खर्च पिशव्या विकणाऱ्यांनीच केलेला. शरीरातली विषारी द्रव्यं काही महिन्यांत घटलेली दिसत, पण कॅन्सर व्हायला वर्षं लागतात, त्याचं काय? "अरे, काहीतरी सांग त्यांना," मी चिडून म्हणालो. शेवटी त्यानं दादांना सांगितलं, "खर्रा पुरा सोडला तं ही त्याच्यापेक्षा बरी असू शकते. मंग हेबी सोडाची."

पुढच्या खेपेला मीही सोबत होतो. दादांच्या ओठाखाली पिशवी, आणि हातानं खर्रा घोटणं चालूच.

"तूच तं म्हनला, बरी हाय म्हून."

परतताना वाटेत मालेगाव मागे पडलं. तेव्हा सुधाकर म्हणाला, "दोन्ही संग खानाऱ्यायचा अभ्यास कोनं केला?" त्याच प्रश्नानं तो शेवटपर्यंत बेचैन होता.

परवा मी त्याचा दवाखाना आवरत होतो, तर दादा आले. सरळ रोग्याच्या खुर्चीत बसले.

"सुधा गेला तवापासून खर्रा नाई खाल्ला, सर. ही एकच हाय ओठाखाली. आता तं सांगा, बरी हाय का?"

खर्रा सोडून आलेल्या ज्या दादांची सुधाकर वाट पाहत होता, ते आले, पण तो गेल्यावर. मला सुधाकरचा असा राग आला, की डोळे भरून आले. चट्ट्यातलं मला काही कळत नाही. दादांना तपासणीला कुणाकडे न्यायचं, तेही अजून ठरवायचं होतं. तरी मी खुर्चीवरचा दिवा लावला.

"दादा, तोंड उघडा."