मागच्या वाटेनं टबापर्यंत

माझे मिस्टर टोकावड्याच्या पुढच्या वळणावर मोटारसायकलवरून घसरले, त्याला आता बरीच वर्षं झाली. कमरेचं ऑपरेशन झालं, सळ्या बसल्या, ते चालायला लागले. पण सकाळी पाठ लाकडासारखी आखडलेली असायची. शहापूरला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, छातीभर गरम पाण्यात बसून पाय हलवा, अंगावर भार येत नाही. छातीभर पाणी आणायचं कुठून? त्याच सुमारास सिद्धगडच्या पायथ्याकडचा एक बंगलेवाला सगळं काढून मुंबईला परत चालला होता. त्याचा जुना हॉट टब आम्ही घेतला. टेम्पोतून तो उतरवताना गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून बघत होती. बाईंना पाण्याची मस्ती आली, असं कोणीतरी म्हणाल्याचं नंतर कानावर आलं. मी शाळेत शिकवत होते, म्हणून गावात सगळे मला बाईच म्हणतात.

आमचं घर आटगाव स्टेशनपासून आत, गावाच्या कडेला आहे. बौद्धवाड्यात नाही. माझी शाळेची नोकरी, मिस्टरांची वीज खात्यातली. निवृत्तीच्या आधी दोघांनी मिळून रस्त्याला लागून जागा घेतली. मागच्या बाजूला शेजार एका शेतकरी घराचा, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्यांचा. आम्ही जागा घेतली तेव्हा त्यांनी काही आडकाठी केली नाही. फक्त आमचा पाया भरायच्या आधी मधलं कुंपण घालून टाकलं.

टब आला तेव्हा त्याचा फिल्टर मी पहिल्यांदा उघडला. उभा डबा असतो, त्यात पांढऱ्या कापडासारख्या धाग्याची नळकांडी, घागऱ्याच्या चुण्यांसारख्या घड्या घातलेली. पांढरी म्हणते, पण ती करडी होती, हाताला मेणचट लागत होती. त्या बंगल्यातल्या पाहुण्यांच्या अंगाची तेलं, क्रीम, केस, सगळं त्या घड्यांत बसलेलं. दोन दिवस मी ते धुतलं. नंतर शिकत गेले. आधी पंप बंद करायचा, मग फिल्टर काढायचा, पाइपची धार तिरकी धरून एकेक घडी उघडत वरून खाली धुवायची. जोराची धार मारली की धागा फाटतो. महिन्यातून एकदा औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे तेल सुटतं. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार, त्याची पांढरी खपली बसते. ती काढायला लिंबूसत्त्वाचं पाणी. पण आधी तेल काढायचं आणि मग क्षार, उलट केलं की तेल आतच धरून बसतं. मग उन्हात कडकडीत वाळवायचा. एक वाळत असतो तेव्हा दुसरा टबात. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, तेव्हा टबातलं पाणी फेकून नवं भरायची सोयच नसते. फिल्टर नीट राहिला तर तेच पाणी महिनोन्‌महिने स्वच्छ राहतं. म्हणून मी त्याला जपत होते.

हे धुण्याचं काम मी मागच्या नळावर करायची. कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी बघायची. तिला मी मावशी म्हणते. नवरा गेलेला, दोन मुलगे कामाला जाणारे, घरात सून. एके दिवशी तिनं विचारलं, हे काय धुता बाई, गाडीचं काय हाय का. मी सांगितलं. मग तिनं मिस्टरांची कंबर कशी आहे ते विचारलं, आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागली. लावणीत वाकून वाकून तिचे गुडघे गेले होते. मोरीत बसलं की उठायला दाराची चौकट धरावी लागायची. मी सहज म्हणाले, या कधीतरी, पाय सोडून बसा.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. पुढच्या फाटकानं नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात करवंदाच्या जाळीपाशी तारा ढिल्या होत्या, तिथून वाकून आली. गुडघे दुखणारी बाई एवढी वाकून येते याचं मला कौतुक वाटलं. तेव्हा कौतुकच वाटलं.

आधी ती काठावर बसून पाय सोडायची. मग लुगडं खोचून आत उतरली. पाण्याचे फवारे गुडघ्यांवर घ्यायची आणि डोळे मिटून घ्यायची. सून दुपारी अंगणवाडीत असायची, तेवढा वेळ. तिच्या गुडघ्यांना निरगुडीचं तेल चोपडलेलं असायचं, ते पाण्यावर तरंगायचं आणि दोन दिवसांत फिल्टर तुंबायचा. मी तिला सांगितलं, मावशी, आधी नळावर साबणानं पाय धुवा. तिनं निमूटपणे धुतले. पुढे रोजच धुवायला लागली. आमच्या पाण्यात उतरण्याआधी मी त्या घरातल्या बाईला पाय धुवायला लावत होते, हे माझ्या तेव्हा मनातही आलं नाही. नंतर आलं, आणि फार वेळ राहिलं.

हळूहळू तिचं 'तुमी' सुटलं, 'गो' आलं. मी फिल्टर धुवायला बसले की तीही जुना ब्रश घेऊन घड्यांमधून फिरवायची. तिचा हात हलका होता. बोलता बोलता ती मला सगळं सांगायची. तिचं लग्न झालं तेव्हा मुरबाडहून चालत आलेलं वऱ्हाड, जन्मताच गेलेली मुलगी, सुनेचा अबोला. मी कधी माझ्या आईबद्दल बोलले, तर ती ब्रश थांबवून ऐकायची. या वयात मैत्रीण मिळाली असं मला वाटत होतं. मी ते कोणाला बोलून दाखवलं नाही, पण दुपार झाली की माझं लक्ष त्या कोपऱ्याकडे असायचं.

चहा मात्र ती घ्यायची नाही. आत्ताच घेतला गो, म्हणायची. उन्हाळ्यात घशाला कोरड पडली तरी घरी जाऊन पिते म्हणायची. मी तिला एकदा कलिंगडाची फोड दिली, ती तिनं पदरात बांधून नेली. मी मनाशी म्हणाले, जुनी माणसं, सवय असते. मिस्टर खिडकीतून सगळं बघत असत. त्यांनी एकदाच म्हटलं, "पाण्यात बसते, पाणी पीत नाय." मी त्यांच्यावर चिडले. तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं, असं बोलले.

दिवाळीच्या आसपास तिचे गुडघे बरेच सुटले. ती शेतापर्यंत चालत जायला लागली, दळण स्वतः आणायला लागली. मला आनंद झाला. मग त्यांच्या घरी सत्यनारायण होता. आम्हालाही बोलावणं होतं; सून स्वतः रस्त्यानं येऊन फाटकाशी सांगून गेली. मिस्टर आले नाहीत. मी चांगली साडी नेसून गेले. अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या. मला खुर्ची दिली, प्रसाद दिला. हल्ली सगळ्यांनाच कागदी द्रोण असतात, त्यामुळे बोट ठेवायला कुठे जागा नसते.

माझ्या पुढच्या रांगेत गावातल्या बायका बसल्या होत्या. मावशी प्रसाद वाटत फिरत होती, चांगली ताठ. एकीनं विचारलं, गुडघ्यांना काय लावलंस गो, पोरीसारखी चालतेस. दुसरी हसून म्हणाली, ती बाईंच्या टबात जाऊन बसते ना दुपारची, माझ्या नातवानं बघितलं. सून तिथंच उभी होती. तिनं सासूकडे बघितलं.

मावशी म्हणाली, "छे गो. मी कशाला त्यांच्या पाण्यात उतरू? कुंपणापाशी बोलते, तेवढंच."

मग ती पुढच्या रांगेतून माझ्या रांगेत आली. माझ्या हातात द्रोण होताच, तरी तिनं अजून एक पुढे केला. माझ्याकडे बघितलं नाही. मी तो घेतला. नको म्हणायला हवं होतं की काय, हे मला अजून कळलेलं नाही. मी घरी आले, साडी बदलली आणि मिस्टरांनी विचारलं तेव्हा पूजा चांगली झाली, एवढंच सांगितलं. त्यांना खरं सांगितलं असतं, तर त्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मधे एक दिवस गेला आणि ती आली. त्याच कोपऱ्यातून, वाकून. मी नळावर फिल्टर धूत बसले होते. ती नेहमीसारखी साबणाकडे वळली. पाय धुवायला लागली. मी पाइप बंद केला.

"मावशी," मी म्हणाले, "उद्यापासून पुढच्या फाटकानं या. रस्त्यावरनं. मग बसा हवा तेवढा वेळ."

तिला कळलं. ती साबण हातात धरून उभी राहिली. सून बोलते, पोरं बोलतात, तुला ठाऊक हाय ना गो, असं काहीतरी पुटपुटली. मी म्हणाले, मला ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते.

"या वयात मी काय नवीन करू?" ती म्हणाली.

तिनं पायावरचा साबण धुतला, लुगडं खाली केलं आणि आली तशी गेली. जाताना तारेत तिचा पदर अडकला. मी उठून सोडवला नाही. तिनं स्वतःच सोडवला, त्याला वेळ लागला.

पुढच्या फाटकानं ती आली नाही. मी बरेच दिवस दुपारी पुढच्या खोलीत बसत होते, मिस्टरांना दाखवायचं नाही अशा बेतानं. त्यांना शेवटी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते म्हणतील बरं केलंस. ते म्हणाले, म्हातारी बाई आहे, दुखणं आहे, येऊ द्यायचं होतंस मागून. मी म्हणाले, तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना असंच सोडून देत आलात. ते म्हणाले, "मी सोडून देत आलो म्हणून आपण इथे घर बांधू शकलो." मी माणूस बोलावून कोपऱ्यातल्या तारा ताणून घेतल्या.

पावसाळ्यात मावशीचे गुडघे पुन्हा धरले. ओसरीवर बसलेली दिसायची, काठी बाजूला. आमची नजरानजर झाली की दोघींपैकी एक आत जायची.

पुढच्या वर्षी तिच्या मुलांनी घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या, मुंबईच्या लोकांना शनिवार-रविवारी राहायला. डोंगर दिसतो, हवा चांगली, माणसं यायला लागली. आणि त्यांनी टब आणला. आमच्यापेक्षा मोठा, निळा दिवा लागणारा. कुठल्या कुठल्या गावची, कुठल्या कुठल्या जातीची माणसं त्यात बसायची, पाण्यात पाय सोडून हसायची. कोणाला कोणी काही विचारत नव्हतं. पैसे आधीच मोबाइलवर जमा झालेले असायचे.

एके सकाळी सून कुंपणापाशी आली. बाई, पाणी गढूळ होतंय, वास मारतो, तुमी तो फिल्टर कसा साफ करता? मी हातातलं काम ठेवलं. तिला मी नाही सांगत म्हणू शकले असते. म्हणावंसं फार वाटलं. पण ते पाणी लोकांच्या अंगाला लागणार होतं, आणि तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला विचारलेलं सांगून टाकायची खोड असते. मी तिला सगळं क्रमानं सांगितलं. तिनं ते मोबाइलवर बोलून भरून घेतलं. फिल्टर पलीकडून वर धरून दाखवला. मी बघूनच सांगितलं की धागा पिंजला आहे, नवा घ्यावा लागेल. थँक्यू बाई, म्हणाली आणि गेली.

मावशी ओसरीवरून बघत होती. मी न राहवून सुनेला विचारलं होतं, आईंना बसवता का टबात, गुडघ्यांना बरं पडेल. ती म्हणाली, कुठे हो बाई, पाव्हण्यांसाठी आहे तो, बुकिंग असतं. मधल्या वारी रिकामा असतो तेव्हा हीटर बंद ठेवतात, बिल येतं. तिच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. दळणाचा डबा रिकामा आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं.

ते ऐकून मला बरं वाटलं असं कोणाला वाटेल. नाही वाटलं. त्या दिवशी मी आमचा टब झाकूनच ठेवला. मिस्टर पाठीला शेकायची पिशवी लावून बसले.

मावशी मला परवा शहापूरच्या सरकारी दवाखान्यात भेटली. मी मिस्टरांच्या गोळ्या आणायला गेले होते. ती बाकावर एकटी होती, मुलगा केसपेपर काढायला गेलेला. दुसरीकडे जागा नव्हती, मी तिच्या शेजारी बसले. तिनं विचारलं, "कंबर कशी हाय त्यांची, बाई? तुमी टबात बसवता ना अजून?" म्हणजे पुन्हा तुमी. मी म्हणाले, बसवते. ती म्हणाली, माझं ऑपरेशन करायचं बोलतात, गुडघे बदलायचे. मला भीती वाटते.

मी तिच्या हातावर हात ठेवला असता. ठेवला नाही. मला तिच्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा राग येत होता. एवढ्या बायकांसमोर एक वाक्य खरं बोलायला तिला काय लागलं असतं, हा प्रश्न माझ्या तोंडाशी होता. तो विचारायची ही जागा नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. पण तसा मी तो कुठेच विचारलेला नाही.

मुलगा आला. तिला धरून उठवलं, बाहेर गाडीत बसवलं. मला ओळखून त्यानं मान हलवली. त्यांची गाडी आमच्याच रस्त्यानं जाणार होती. मी गोळ्या घेतल्या आणि एसटीसाठी स्टँडवर जाऊन उभी राहिले.