मी रोज पुसते ती काच

मंडळी, आज लई दमले. विद्यापीठातल्या नोटीस बोर्डाची काच मी रोज पुसते. आठ दिवस आत आपल्या कर्मचारी संघाचा कागद होता: झाडणाऱ्या बायांना सातऐवजी सहाला बोलवायचं ठरतंय, हरकत असल्यास कळवा. आमच्या भरे गावाहून पहिली यष्टीच सातला पोचते. म्हंजे माझी नोकरीच गेली की! आज मुदत संपल्यावर कुणीतरी सांगितलं, तवा कळलं.

संघाच्या चिटणीसांना गाठलं. "सायेब, तोंडानं सांगायचं न्हाई व्हय?"

"आजी, कागद समोरच होता."

"व्हय, त्यावरची काच मीच चकचकीत ठेवली हुती."

मग ते उशिरा का हुईना, हरकत मांडतो म्हणाले. हे माझं बोलणंबी त्यांनाच लिहाय लावलंय, त्याच काचेमागं लागंल. वाचणाऱ्यांनो, शेजारी झाडू घेऊन कोण उभी असंल, तर जरा मोठ्यानं वाचाल का?